पेनड्राइव्हची रुजुवात

रास्पबेरी पाय या नावाचा, एटीएम कार्डाएवढ्या लांबीरुंदीचा संगणक केंब्रिज येथील एका धर्मादाय संस्थेने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रथम विक्रीस आणला, तेव्हा शाळकरी मुलांस प्रोग्रॅम लिहिण्याची गोडी लागावी एवढाच तिचा सात्त्विक हेतू होता. परंतु मुलांनी, आणि मुलांपेक्षाही त्यांच्या वडिलांनी, त्या यंत्राचा जो उपयोग आरंभिला तो संस्थेच्या उद्दिष्टांत कोठेही नमूद नव्हता. ऐंशी-नव्वदच्या दशकांत टीव्हीला जोडून जे खेळ खेळले जात, ज्यांच्या कॅसेट आपल्याकडेही सुटीच्या दुपारी हातोहात बदलल्या जात, ते खेळ या चिमुकल्या यंत्रावर पुनश्च चालविण्याचा छंद वाढीस लागला, आणि त्या छंदाच्या सोयीसाठी रेट्रोपाय नावाची, लिनक्सच्या पायावर उभी असलेली एक विनामूल्य प्रणालीही सिद्ध झाली. यंत्र, टीव्ही, हातात धरावयाचा गेमपॅड आणि खेळांच्या फाइली, इतकी सामग्री जमली की हा संसार मांडता येतो.

फाइली ही मात्र या संसारातील कटकटीची बाब होय. यंत्राला स्वतःची हार्ड डिस्क नसते. नखाएवढ्या मायक्रो-एसडी कार्डावर सारी प्रणाली नांदत असते. कॅसेटवरचे जुने खेळ काही किलोबाइटांत, फार तर काही मेगाबाइटांत मावत असले, तरी पुढे सीडीवर आलेला एकेक खेळ सहाशे-सातशे मेगाबाइटांपर्यंत जातो, आणि असे पाचपन्नास खेळ बाळगावयाचे म्हटले की कार्डावरची जागा संपते. मग मनुष्य पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क आणतो, घरातल्या विंडोजच्या संगणकावर तीत फाइली भरतो, ती या यंत्रास जोडतो, आणि पडद्यावर तिळमात्र फरक पडत नाही. (त्या फाइली स्वतः विकत घेतलेल्या किंवा निर्मात्यांनी मुक्त केलेल्या खेळांच्या आहेत, असे येथे गृहीत धरले आहे, त्या प्रश्नाचे कायदे निराळे आहेत आणि ते या प्रकरणाच्या कक्षेत येत नाहीत.)

अशा वेळी सामान्यतः जो उपाय सुचविला जातो तो फॉरमॅट करण्याचा, म्हणजे ड्राइव्हवरील सारे पुसून तिची नव्याने आखणी करण्याचा असतो, आणि तो सुचविणाऱ्यांची संख्या इतकी मोठी आहे की त्यालाच शास्त्र समजण्याकडे लोकांचा कल झाला आहे. माझ्या मते तपासापूर्वीच शिक्षा ठोठावणारा हा मार्ग अन्यायाचा तर आहेच, पण बहुतेक वेळा निरुपयोगीही आहे. ड्राइव्ह जोडल्यापासून तिच्यातला खेळ पडद्यावर दिसेपर्यंत विजेचा प्रवाह, तारांतील संकेत, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, ड्राइव्हवरील विभागणी, फाइलींची व्यवस्था आणि शेवटी रेट्रोपायचे स्वतःचे नियम, अशा अनेक पायऱ्यांवरून ती वस्तू पुढे सरकत असते. यांपैकी कोणत्याही पायरीवर ती अडली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच, आणि फॉरमॅटचा उपयोग मात्र यांतील एकदोन पायऱ्यांपुरताच. तेव्हा कोठे अडले हे प्रथम ठरविणे, आणि तेही खालून वर चढत ठरविणे, यातच या विद्येचे सारे मर्म आहे. सुदैवाने लिनक्स हा आपल्या अंगावर घडणाऱ्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवणारा प्राणी असल्यामुळे पुराव्याची वाण कधी पडत नाही. पडते ती पुरावा वाचण्याच्या सवयीची.

यूएसबी ही जोडणीची पद्धत जानेवारी १९९६ मध्ये प्रथम जाहीर झाली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून ती ठरविली असली, तरी तिच्या शिल्पकारांत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. गायकवाडांच्या राजधानीत शिकलेल्या मनुष्याची कल्पना आज जगातील बहुतेक प्रत्येक टेबलावर येऊन बसली आहे, याची जाणीव मराठी वाचकास क्वचितच असते, म्हणून हा विषयांतराचा दोष पत्करला. यूएसबीच्या पूर्वी छापयंत्राला एक खाच, माउसला दुसरी, कळफलकाला तिसरी, आणि प्रत्येक नवी वस्तू जोडल्यावर संगणक बंद करून पुन्हा चालू करावयाचा, अशी स्थिती होती. भट्ट आणि त्यांचे सहकारी यांनी जे साधले ते असे, की वस्तूने स्वतःच आपली माहिती सांगावी, संगणकाने ती ऐकून घ्यावी, आणि हा व्यवहार यंत्र चालू असतानाच उरकावा.

हा व्यवहार कसा चालतो ते समजले म्हणजे पुढचा निम्मा तपास सोपा होतो. जुन्या मामलेदार कचेरीत परगावचा मनुष्य आला, म्हणजे दारावरच्या शिपायाने प्रथम वर्दी द्यावयाची, मग कारकुनाने नाव-गाव विचारून क्रमांक द्यावयाचा, मग त्याचा अर्ज कोणत्या खात्याचा ते पाहून त्या खात्याकडे त्यास धाडावयाचे, असा जो रिवाज असे, त्याच क्रमाने येथे सर्व घडते. पेनड्राइव्हच्या आत दीड हजार ओहमचा एक रोध असतो. तो संकेताच्या दोन तारांपैकी एकीचा दाब वर ओढतो, आणि तेवढ्यावरून यंत्रास कळते की खाचेत कोणी आले आहे. यंत्र त्या वस्तूस भानावर आणण्यासाठी एकदा पूर्ववत् स्थितीत नेते, तिला १ ते १२७ यांमधील एक क्रमांक देते, आणि अठरा बाइटांची एक फर्द तिच्याकडून वाचून घेते. या फर्दीत निर्मात्याचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो. त्यापाठोपाठ दुसरी फर्द येते, तीत ती वस्तू किती प्रवाह मागणार आणि ती कोणत्या वर्गात मोडते हे सांगितलेले असते. साठवणुकीच्या वस्तूंचा वर्ग आठवा. वर्ग कळला की कर्नल आपल्या योग्य त्या चालकाकडे तिला सोपवितो, आणि मगच ती एसडीए, एसडीबी अशा नावाने हजेरीपटावर चढते. ही सारी उलाढाल होण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाच काळ लागतो, परंतु क्रम चुकत नाही.

आता या क्रमाच्याही आधीची गोष्ट म्हणजे वीज, आणि या यंत्राच्या बाबतीत माझा पहिला संशय सदैव विजेवर जातो. यूएसबीच्या नियमांनुसार जुन्या पद्धतीच्या खाचेतून एका वस्तूस ५०० मिलिअँपिअर आणि नव्या, तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर मिळावयास हवेत. परंतु जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीस चार खाचा असल्या तरी चौघींना मिळून एकंदर १.२ अँपिअर एवढीच मंजुरी आहे. पेनड्राइव्हचे त्यात सहज भागते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचे मात्र भागेलच असे नाही, कारण तबकडी स्थिर अवस्थेतून फिरू लागते त्या क्षणी ती अनेकदा एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. शेजारच्या खाचांत गेमपॅडचा रिसीव्हर आणि कळफलक असले तर उरलेल्या शिलकीत तिची मागणी कशी भागावी? डिस्क फिरू पाहते, दाब ढासळतो, डिस्क थांबते, दाब सावरतो, ती पुन्हा फिरू पाहते. कान लावला तर टिक्-टिक् असा आवाज येतो, आणि हा आवाज ऐकूनही फॉरमॅटचा विचार करणाऱ्यास काय म्हणावे?

यंत्राचा स्वतःचा पुरवठाच जेथे कोता असतो तेथे तर याहून वाईट दशा. टेबलाच्या खणात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर आणि कोठून तरी आलेली बारीक तारांची केबल यांवर हे यंत्र चालविण्याचा मोह फार मोठा असतो, कारण ते चालू तर होते. चौथ्या आवृत्तीस ५.१ व्होल्टचा आणि ३ अँपिअरचा पुरवठा सांगितला आहे. त्यातला तो जादा दशांश व्होल्ट हौसेखातर लिहिलेला नसून केबलच्या लांबीत जो दाब गळतो त्याची ती तरतूद आहे. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह उमटते. खेळात रंगलेला मनुष्य ते चिन्ह खेळातलेच समजून सोडून देतो! ज्यास खातरजमा करावयाची असेल त्याने व्हीसीजेनसीएमडी ही आज्ञा गेट-थ्रॉटल्ड या पुरवणीसह द्यावी. उत्तरात एक्स या अक्षरापुढे नुसते शून्य आले तर पुरवठा निर्दोष. ५०००५ आले तर त्यातला शेवटचा पाच सांगतो की दाब या क्षणी कमी आहे आणि म्हणून यंत्राचा वेगही आखडला आहे, आणि आरंभीचा पाच सांगतो की यंत्र चालू झाल्यापासून केव्हातरी तसे घडून गेले आहे. नुसते ५०००० आले तर आता सर्व ठीक दिसते खरे, पण डिस्क जोडण्याच्या नेमक्या क्षणी घोटाळा झाला होता, असे अनुमान काढावयास हरकत नाही. उपाय दोन: योग्य तो पुरवठा घ्यावा, आणि डिस्क फिरत्या तबकडीची असेल तर तीस स्वतंत्र वीज घेणाऱ्या हबवर बसवावे. पाचव्या आवृत्तीच्या यंत्रास ५ अँपिअरचा पुरवठा मिळाला नाही तर ते आपण होऊन चारी खाचांचा प्रवाह ६०० मिलिअँपिअरवर आणून ठेवते, हेही ध्यानात असावे. जुन्या पुरवठ्यावर नवे यंत्र बसविणाऱ्यास ते बहुधा ठाऊक नसते.

वीज निर्दोष ठरली म्हणजे दप्तराकडे वळावे. खेळांच्या पडद्यावरून एफ-४ ही कळ दाबून बाहेर पडले की आज्ञा लिहिण्याची काळी पाटी येते. तीवर डी, एम, ई, एस, जी ही पाच रोमन अक्षरे लिहिली असता कर्नलचा रोजनामा ओळीओळीने उलगडतो. ड्राइव्ह काढून, रोजनाम्याची शेवटची ओळ पाहून ठेवून, ड्राइव्ह पुन्हा जोडावी आणि नव्या ओळी कोणत्या आल्या एवढेच पाहावे. एकही ओळ आली नाही, तर शिपायाने वर्दीच दिलेली नाही: खाच मेली आहे, केबल नुसती चार्जिंगची असून तीत संकेताच्या ताराच नाहीत, किंवा ड्राइव्ह समूळ गेली आहे. दुसऱ्या खाचेत दुसरी, खात्रीची वस्तू घालून यांतील गुन्हेगार निवडणे कठीण नाही. नवी वस्तू सापडली अशी ओळ आली, पण तिच्यापाठोपाठ फर्द वाचता आली नाही, चूक उणे ७१, अशी तक्रार आली, तर वस्तू बोलली परंतु तिचे बोलणे तुटक आणि विपर्यस्त होते असा त्याचा अर्थ. आकडा उणे ११० असेल तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठरलेल्या मुदतीत आलेच नाही. दोन्ही प्रसंगी दोष बहुधा तारांचा, जोडणीचा किंवा पुन्हा त्या विजेचाच असतो. फाइलींचा तर निश्चितच नसतो, कारण फाइलींपर्यंत अद्यापि कोणी पोहोचलेलेच नाही.

निळ्या, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या, खाचांविषयी येथे थोडे लिहिले पाहिजे. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या यूएसबीच्या तिसऱ्या आवृत्तीने वेग सेकंदास ४८० मेगाबिटांवरून एकदम ५ गिगाबिटांवर नेला, परंतु त्यासाठी जुन्या चार संपर्कांच्या जोडीस आणखी पाच संपर्क आणले. प्लग हळूहळू, रेंगाळत आत सारला तर पुढचे चार आधी टेकतात आणि यंत्र त्या वस्तूस जुन्याच पद्धतीची समजून बसते. उलटपक्षी नवे पाच संपर्क मळलेले किंवा सैल असले तर वस्तू वेगवान असल्याची बतावणी करून वारंवार तुटत राहते. म्हणून निळ्या खाचेत अडलेली ड्राइव्ह जुन्या पद्धतीच्या काळ्या खाचेत घालून पाहणे ही या शास्त्रातील सर्वांत स्वस्त परीक्षा. तेथे ती सुरळीत चालली, तर दोष वेगवान मार्गाचा आहे हे निश्चित झाले. आणि जुन्या खेळांना तो वेग लागतो कोणाला?

हार्ड डिस्क किंवा एसएसडी ज्या डबीत घालून यूएसबीला जोडतात, त्या डबीतल्या दुभाषी चिपचाही एक स्वतंत्र उपद्रव आहे. यूएएस नावाची अधिक चलाख बोली आपणास येते असे तीतल्या काही चिपा छातीठोकपणे सांगतात, कर्नल विश्वास ठेवून त्या बोलीत बोलू लागतो, आणि थोड्याच वेळात संभाषण ठप्प होते. अशा वेळी यंत्र सुरू होतानाच्या आज्ञांची सीएमडीलाइन नावाची जी एकओळी फाइल असते, तीत त्या डबीचे दोन्ही क्रमांक, जे एलएस-यूएसबी या आज्ञेने मिळतात, आणि त्यांपुढे यू हे अक्षर लिहून कर्नलला सांगता येते की या गृहस्थाशी जुन्याच बोलीत बोलावे. फाइल एकओळी आहे आणि एकओळीच राहिली पाहिजे. तीत दुसरी ओळ घातली की ती ओळ निष्फळ.

आता समजा, रोजनाम्यात सर्व यथासांग आहे आणि एसडीए हे नाव लागले आहे. येथपर्यंत आलेल्या मनुष्याने एलएस-बीएलके ही आज्ञा द्यावी, म्हणजे जोडलेल्या सर्व साठवणुकींचा आणि त्यांच्या विभागांचा तक्ता समोर येतो. ड्राइव्हच्या नावापुढे क्षमता शून्य बाइट दिसली तर समजावे की पेनड्राइव्हमधील नियंत्रक जिवंत आहे, तो आपले नाव-गावही सांगतो आहे, परंतु ज्या स्मृतीवर माहिती असावयाची ती त्यास सापडत नाही. हे दुखणे घरी बरे होत नाही. क्षमता बरोबर दिसत असेल आणि खाली एसडीए-१ असा विभागही असेल, तर वस्तू पूर्णपणे ओळखली गेली आहे, आणि यापुढची अडचण फाइलींच्या व्यवस्थेची आहे.

या व्यवस्थांपैकी पेनड्राइव्हवर सर्वांत रूढ असलेली फॅट-३२ ही १९९६ साली विंडोज-९५च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिचे मूळ कूळ सत्तरच्या दशकातले, आणि तिचे वैगुण्य असे की एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटांच्या आतच असावा लागतो. जुन्या खेळांना ही मर्यादा क्वचितच जाचते, म्हणून आमच्या कामास ती उत्तम. अडचण एवढीच की विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीने वर्षानुवर्षे ३२ गिगाबाइटांहून मोठ्या ड्राइव्हवर ही व्यवस्था करून देण्याचे नाकारले. मनुष्य बाजारातून १२८ गिगाबाइटांचा पेनड्राइव्ह आणतो, तो बहुधा एक्सफॅट या नव्या व्यवस्थेत आखलेला असतो, आणि लहानग्या लिनक्स यंत्राशी त्याचा पहिला खटका तेथेच उडतो.

एक्सफॅटचा इतिहास थोडा सांगण्याजोगा आहे. मायक्रोसॉफ्टने ही व्यवस्था २००६ मध्ये आणली, मोठ्या एसडी कार्डांच्या प्रमाणकात तिचा समावेश झाला, आणि तरीही तिच्या पेटंटांमुळे लिनक्सच्या गाभ्यात तिला कित्येक वर्षे प्रवेश नव्हता. ज्यास गरज असे त्याने बाहेरचे एक स्वतंत्र पॅकेज बसवावयाचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने तिचे विनिर्देश प्रसिद्ध केले, त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या कर्नलच्या ५.४ आवृत्तीत तिचा कच्चा चालक आला, आणि २०२० मधील ५.७ आवृत्तीत सॅमसंगने लिहिलेला पक्का. यावरून निष्पन्न होते ते असे, की त्याच ड्राइव्हला एका घरातले यंत्र हसतमुखाने स्वीकारते आणि दुसऱ्या घरातले धुडकावते, तेव्हा दोष ड्राइव्हचा नसून दुसऱ्या यंत्रावरील प्रणाली केव्हाची आहे याचा असतो. प्रणाली जुनी ठेवावयाची असेल तर ते बाहेरचे पॅकेज आजही मिळते.

एनटीएफएस ही विंडोजची स्वतःची मुख्य व्यवस्था, १९९३ पासूनची. तिची गंमत अशी की ड्राइव्ह जोडली जाते, खेळ दिसतात, चालतातही, परंतु तिच्यावर काही लिहिता मात्र येत नाही. कारण बहुधा विंडोजकडेच असते. विंडोजच्या आठव्या आवृत्तीपासून संगणक बंद करण्याची आज्ञा दिली तरी तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही. लवकर जागे होता यावे म्हणून अर्धवट झोपतो, आणि अशा वेळी जोडून राहिलेल्या ड्राइव्हचा हिशेब पुरा न मिटविता ठेवून देतो. लिनक्स तो अपुरा हिशेब पाहतो आणि दुसऱ्याच्या उघड्या वहीत आपण खाडाखोड करू नये या सभ्यतेने ड्राइव्ह नुसती वाचण्यापुरती स्वीकारतो, किंवा स्वीकारतच नाही. हिला फॉरमॅटची जरुरी नाही. तीच ड्राइव्ह विंडोजला पुन्हा जोडून रीतसर बाहेर काढली, किंवा संगणक पूर्ण बंद होईल अशी तजवीज केली, की प्रकरण मिटते. फॅट-३२च्या ड्राइव्हलाही अशीच एक खूण असते: ती न सांगता उपटली तर पुढच्या वेळी रोजनाम्यात तपासणी करण्याची सूचना येते, आणि एफएससीके या आज्ञेने ती तपासणी काही क्षणांत होते.

व्यवस्था ओळखली तरी लिनक्समध्ये ड्राइव्ह आपोआप खुली होईलच असे नाही. तिला फाइलींच्या वृक्षावर कोठेतरी टांगावे लागते, आणि त्यासच माउंट करणे म्हणतात. टेबलावरच्या मोठ्या लिनक्स संगणकात हे काम पडद्याची सजावट सांभाळणारे कार्यक्रम गुपचूप करीत असतात. रेट्रोपाय मात्र सुरू होताच सरळ खेळांच्या यादीवर जाते. तीत ही सजावट नसल्यामुळे यूएसबीमाउंट नावाच्या एका साध्या स्क्रिप्टवर भिस्त ठेवली आहे. ही स्क्रिप्ट ड्राइव्हला मीडियाच्या फोल्डरात यूएसबी-० या ठिकाणी टांगते. २०१७ साली डेबियन या लिनक्स प्रणालीची स्ट्रेच ही आवृत्ती आली तेव्हा या स्क्रिप्टमुळे एक विलक्षण पेच उद्भवला. नव्या वस्तूंची दखल घेणारी यूडेव्ह ही सेवा त्या आवृत्तीत आपल्या स्वतंत्र दालनात कोंडलेली होती. यूएसबीमाउंट त्या दालनात धावत असल्याने ड्राइव्ह टांगली तर जाई, पण दालनाबाहेरच्या कोणासही ती दिसत नसे. दप्तरी सारे काही बिनचूक, आणि फोल्डर मात्र रिकामे! सेवेच्या फाइलीत एक शब्द बदलून ते दालन खुले केले की झाले. परंतु तो शब्द सापडेपर्यंत कित्येकांनी आपले निर्दोष पेनड्राइव्ह किती वेळा पुसले असतील, याचा विचार न केलेला बरा.

यानंतर रेट्रोपायचा स्वतःचा रिवाज येतो. पेनड्राइव्हवर रेट्रोपाय या नावाचे, सर्व लहान रोमन अक्षरांतले एक रिकामे फोल्डर करून तो जोडला, तर प्रणाली त्यात प्रत्येक जुन्या यंत्राच्या नावाचे उपफोल्डर आपण होऊन तयार करते. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकावयाचा थांबला की तो काढावा, त्या उपफोल्डरांत खेळ भरावे आणि पुन्हा जोडावा, म्हणजे खेळ कार्डावर उतरवून घेतले जातात. खेळ ड्राइव्हवरच राहून तेथूनच चालावे अशी इच्छा असेल तर फोल्डराचे नाव रेट्रोपाय-माउंट असे द्यावे लागते. दोन नावांतील हा भेद न कळल्यामुळे मोठी हार्ड डिस्क जोडून चिमुकले कार्ड तुडुंब भरून टाकणारे लोक आहेत. शिवाय खेळांची यादी दाखविणारे एम्युलेशनस्टेशन हे ज्या फोल्डरात त्यास मान्य असलेल्या विस्ताराची एकही फाइल नाही, त्या यंत्राचे नावच यादीत दाखवीत नाही. झिपऐवजी आरएआरमध्ये बांधलेले खेळ भरून, ड्राइव्ह ओळखलीच जात नाही अशी ओरड करणे म्हणजे शेवटच्या पायरीवर उभे राहून पहिल्या पायरीला दोष देणे होय. याद्या नव्याने वाचल्या जाण्यासाठी एम्युलेशनस्टेशन एकवार बंद करून सुरू करावे लागते, हेही अनेकांच्या ध्यानी येत नाही.

ज्यांस स्क्रिप्टांवर विसंबणे रुचत नाही ते एफएसटॅब या फाइलीत ड्राइव्हची कायमची नोंद करतात. पद्धत चांगली आहे, परंतु दोन पथ्ये पाळावी. नोंद एसडीए-१ या नावाने न करता विभागाच्या यूयूआयडी या लांबलचक अनन्य क्रमांकाने करावी, कारण उद्या दुसरी ड्राइव्ह आधी जागी झाली तर एसडीए हे नाव तिला मिळेल. आणि नोंदीत नोफेल हा शब्द अवश्य घालावा. तो नसला आणि एके दिवशी ड्राइव्ह जोडावयाची राहिली, तर यंत्र दीड मिनिट तिची वाट पाहते आणि मग सुरू होण्याचेच नाकारून आणीबाणीच्या अवस्थेत जाते. तेथे रूटचे, म्हणजे प्रणालीच्या सर्वाधिकाऱ्याचे, खाते कुलूपबंद असल्याने काही लिहिण्याचीही सोय उरत नाही, आणि कार्ड दुसऱ्या संगणकात घालून ती ओळ दुरुस्त करावी लागते. ड्राइव्ह फॅट किंवा एक्सफॅटची असेल तर नोंदीत यूआयडी १००० हेही लिहावे. या व्यवस्थांत फाइलीची मालकी लिहून ठेवण्याची सोयच नसल्यामुळे ती टांगतानाच ठरवावी लागते, आणि ती रूटकडे गेली तर खेळ चालतो पण खेळाची प्रगती साठवली जात नाही.

बाजारातील एका लबाडीची दखल घेतल्यावाचून मात्र गत्यंतर नाही. नाममात्र किमतीत मिळणाऱ्या काही पेनड्राइव्हांचा नियंत्रक आपली क्षमता खोटी सांगतो. आत ८ गिगाबाइटांची स्मृती आणि फर्दीवर १२८. पहिले काही खेळ उत्तम चालतात, त्यानंतरचे सर्व नासतात, आणि जागा संपल्याचा निरोप येत नसल्याने दोष फाइलींवर, यंत्रावर, लिनक्सवर, जो समोर येईल त्यावर ढकलला जातो. एफ-थ्री नावाचे एक विनामूल्य साधन ड्राइव्हवर शेवटपर्यंत लिहून आणि लिहिलेले पुन्हा वाचून खरी क्षमता उघड करते. मोठी ड्राइव्ह विकत घेतल्यावर खेळ भरण्यापूर्वी ही रुजुवात करावी. तिला काही तास लागतात, ते लागू द्यावे.

एवढे सर्व होऊन खेळ पडद्यावर आले, म्हणजे कधी कधी एक नवीच तक्रार उद्भवते: निळ्या खाचेत ड्राइव्ह असताना बिनतारी गेमपॅड मध्येच तुटतो, उडी मारण्याची कळ दाबली तरी खेळातला मनुष्य जागचा हलत नाही. इंटेलने २०१२ मध्येच एका श्वेतपत्रिकेत दाखवून दिले होते की तिसऱ्या आवृत्तीच्या यूएसबीच्या संकेतांतून जो रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि बिनतारी गेमपॅडचे रिसीव्हर त्याच पट्ट्यात काम करतात. रिसीव्हर हातभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने ड्राइव्हपासून दूर न्यावा, अथवा ड्राइव्हच काळ्या खाचेत हलवावी.